फेलिपाची बावीस पावलं

पिवळ्या हेल्मेटमध्ये घरांचे नंबर होते, पांढऱ्यात कुटुंबांची नावं. ग्रिसेलनं पिवळ्यातून एक चिठ्ठी काढली, उलगडली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"घर नंबर सात."

एल्बियानं श्वास रोखला. सकाळपासून ती एवढ्याच शब्दांसाठी बसली होती. आधीचे सहा नंबर तिनं ऐकलेही नव्हते. ग्रिसेलचा हात पांढऱ्या हेल्मेटमध्ये गेला, जरा फिरला, बाहेर आला.

"एलादियो बेरुती."

टाळ्या वाजल्या. मागून वॉशिंग्टन ओरडला, "घ्या मिस्त्री! आता तरी दाढी करा, घरमालक झालात!" नाव राष्ट्राध्यक्षाचं आणि काम संडासाच्या नळ्या जोडायचं, म्हणून वॉशिंग्टनला सगळे हसत, आणि तो सगळ्यांना.

"मालक इथं कुणी नाही," ग्रिसेल म्हणाली. ती संस्थेची अध्यक्ष. "घरं संस्थेची. आपण राहणारे."

"बरं बाई, राहणारे. दाढी तर राहणाऱ्यांनाही येते!"

सगळे हसले. एल्बिया हसली नाही. तिच्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं होतं. माणसांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज लांबून येत होते. पुढे कधीतरी बारा नंबर निघाला आणि तिचं नाव वाचलं गेलं. शेजारच्या बाईनं कोपरखळी मारली तेव्हा तिला ते कळलं. तिला घर मिळालं होतं. तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर असं छप्पर येणार होतं, की तिथून उठ म्हणायला कुणी येणार नव्हतं. लोक पाठीवर थापा मारत होते. आणि ती आईच्या वेताच्या खुर्चीवर बसून होती, जणू तिला आत्ताच कुणीतरी रस्त्यावर काढलं होतं.

सभागृहाला अजून दारं बसली नव्हती, बाकडी तर नव्हतीच. बैठकीला ज्यानं त्यानं आपली खुर्ची घेऊन यायचं असा रिवाज पडला होता. एल्बिया नेहमी हीच खुर्ची आणायची.

असा धक्का तिला याआधी एकदाच बसला होता. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि याच जागेवर पालोमार उभं होतं.

पालोमार म्हणजे कबुतरखाना. एका लांब अंगणाभोवती दोन मजली खोल्या, प्रत्येक खोलीत एक घर, रस्त्याकडच्या भिंतीत सगळ्यांचा एक नळ, अंगणभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर परक्यांच्या चादरी. पालोमारच्या बायका धुणं धुवायच्या, पुरुष बंदरात ओझी उचलायचे, रविवारी रस्त्याच्या कडेला कागद पेटवून ढोलांची कातडी तापवायचे. एल्बियाची आई फेलिपा हडकुळी बाई होती, पण तिनं पिळलेल्या चादरीतून पुन्हा थेंब पडत नसे. असं सगळे म्हणायचे. एल्बियाला आईचे हात आठवायचे ते ओलेच.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात लष्करी सरकारचा कागद आला. इमारत धोकादायक. एल्बियाला आईनं पाव आणायला पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा रस्त्यात ट्रक उभा होता, सैनिक उभे होते, आणि ट्रकच्या हौद्यात गाद्या, पेट्या, भांडी यांच्या मधोमध तिची आई याच खुर्चीवर ताठ बसली होती. फोटो काढायला बसावं तशी. तिचे ओठ हलत होते. एल्बिया चाकावर पाय देऊन वर चढली.

"बावीस," आई म्हणाली. "लक्षात ठेव. नळापासून बावीस पावलं."

दुसरं काही नाही. पाव एल्बियाच्या काखेत होता. तो दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच तिथं होता.

त्यांना शहराबाहेर बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. घोंगड्या टांगून घरं पाडली. तिथं पालोमारच्या माणसांनी एक गोष्ट सुरू केली. कुणी ठरवली नव्हती, आपोआप झाली. संध्याकाळी मोठी माणसं पोरांकडून आपापल्या खोलीची जागा घोकून घ्यायची. जिन्यापासून नऊ. विहिरीपासून एकतीस. नळापासून बावीस. इमारत पाडली हे कळलं होतं, म्हणून तर घोकायचं. भिंती गेल्या तरी जमीन कुठे जाते? शाळेत पाढे, शेडमध्ये पावलं. ग्रिसेलही त्या पोरांत होती. तिच्या बापाचा ढोल ट्रकमधून पडून फुटला होता, आणि तो बाप पुढे दुसरा ढोल घ्यायला कधी तयार झाला नाही.

फेलिपा दुसऱ्या हिवाळ्यात छाती भरून वारली. शेवटी शेवटी ती एल्बियाला ओळखत नव्हती. बावीस मात्र म्हणत होती.

त्यानंतर एल्बियानं सतरा वर्षांत अकरा ठिकाणं बदलली. मावशीकडे, दुसऱ्या मावशीकडे, एका दवाखान्यात फरशी पुसायची तिथल्या माळ्यावर, एका पुरुषाकडे, मग मुलीला घेऊन त्या पुरुषापासून लांब. प्रत्येक ठिकाणी खुर्ची बरोबर. मुलगी बोलायला लागली तेव्हा एल्बियानं तिला बावीसचं घोकायला लावलं नाही, पण अंगाई म्हणताना थोपटण्या मोजून बावीसच पडायच्या.

मग ग्रिसेल भेटली. म्हणाली, घरं बांधणारी संस्था काढतोय, एकमेकांच्या हातांनी. दर घराला आठवड्याला एकवीस तास काम. तू येतेस? संस्थेचं नाव ठरलं 'ओळंबा', भिंत सरळ आहे का ते बघायची गवंड्याची दोरी. जमीन कुठं मिळणार ते ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी नगरपालिकेनं एक पडीक तुकडा दिला. पंधरा वर्षं तिथं गाड्या उभ्या राहत होत्या. सगळे बघायला गेले आणि एल्बियाला रस्त्याकडच्या भिंतीत पालोमारच्या लोखंडी नळाचं बूड दिसलं. ती ते धरून खाली बसली. तिला उठवायला दोघं लागले.

उठल्यावर ती नळाला पाठ लावून उभी राहिली आणि मोठ्यानं मोजत चालली. सगळे बघत होते. बावीसला ती थांबली. टाच रोवली.

"इथं."

ग्रिसेलनं आपली एकतीस पावलं मोजली नाहीत. "ती जागा सापडली तर मला तिथं झोप लागायची नाही," म्हणाली.

आराखडा झाला तेव्हा एल्बियाची टाच घर नंबर सातमध्ये पडली.

या लोकांचा एक नियम होता आणि त्या नियमावरच सगळं उभं होतं. कुठलं घर कुणाचं हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसायचं. भिंत रचणाऱ्याला ती आपली की शेजाऱ्याची हे कळता कामा नये, म्हणजे प्रत्येक भिंत सरळ येते. अठराच्या अठरा घरांत एल्बियानं विटा दिल्या, माल कालवला, पुढे स्वतः थापी धरली. पण सातमध्ये तिचा हात वेगळा चालायचा, हे तिला माहीत होतं आणि लपवताही येत नव्हतं. तिथल्या सांध्यांवरून ती बोट फिरवायची. उंबऱ्याच्या फरशीखाली तिनं आईचा कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा पुरला. नियम मोडला होता. बघणारा एकच होता, एलादियो.

एलादियो आतल्या मुलखातला, त्रेसष्ट वर्षांचा, एकटा. संस्थेत खरं गवंडीकाम येणारा तोच. एल्बियाला थापी त्यानंच शिकवली. "माल भिंतीला मारायचा नाही, द्यायचा," म्हणायचा. चिमटा पुरताना त्यानं पाहिलं, फरशी हातात धरून बराच वेळ थांबला, मग विचारलं होतं, "इथंच?"

"इथंच."

त्यानं फरशी बसवली. पाणसळ लावून तीनदा तपासली. त्या दिवशी पुढे तो एक शब्द बोलला नाही, आणि एल्बियाला वाटलं होतं, म्हातारा किती हळवा आहे.

आता सात नंबर त्याचा होता.

एक वाट उरली होती. सोडतीच्या दिवशी, चाव्या वाटण्याआधी, दोन कुटुंबांना घरं बदलून घेता येत. जेवणानंतरच्या बैठकीत दोघांनी उभं राहायचं, कारण सांगायचं, सभेनं हात वर करायचे. त्या बैठकीनंतर मात्र जे ते कायमचं.

बाहेर अर्ध्या पिंपात निखारे फुलले होते. वॉशिंग्टन मांसाच्या फासळ्या उलटत होता. येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. एल्बियानं तो न पिताच पुढे दिला.

"काय गं, बारा नंबर पसंत नाही का?" वॉशिंग्टन म्हणाला. "तिथली मोरी मी केलीये. राणीला अंघोळ घालावी अशी!"

"मिस्त्री कुठंयत?"

"घरमालक ना ते! घर बघायला गेले."

एलादियो सात नंबरच्या रिकाम्या खोलीत भिंतीला तळवा लावून उभा होता. आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा. एल्बिया उंबऱ्याबाहेरच थांबली. आत पाय टाकायचा आता तिचा हक्क नव्हता.

"मिस्त्री, मला तुमच्याकडे एक मागायचंय."

"घर ना? घे."

ती गोंधळली. येताना तिनं काय काय जुळवून ठेवलं होतं. "अहो, विचार तरी करा. बारा नंबरला दुपारचं ऊन येत नाही."

"मला उन्हाशी काय करायचंय? घे म्हटलं ना."

"मग मी ग्रिसेलला सांगून येते, आपण दोघं—"

"थांब." तो वळला. "कारण काय सांगशील सभेला?"

"तेच. आईची जागा. सगळ्यांना पाठ आहे ते."

"म्हणूनच म्हणतो थांब. ही तुझ्या आईची जागा नाही, एल्बिया."

"काय?"

"साडेपाच मीटर चुकतंय."

ती हसलीच. "तुम्हाला काय ठाऊक हो? पालोमार पाडलं तेव्हा तुम्ही तिकडे मेंढरं वळत होतात."

"इथं होतो मी. ट्रकवर."

"कुठल्या ट्रकवर?"

त्यानं दोन्ही हात विजारीला पुसले. हात कोरडेच होते.

एल्बियानं चौकट धरली. चौकट तिनंच रंगवली होती, दोन हात देऊन. रंग अजून जरासा चिकट होता.

"शहरात नवा आलो होतो," एलादियो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या पायापुढच्या फरशीकडे बघत होता. "चौकात उभं राहायचो. कंत्राटदार यायचा, माणसं उचलून न्यायचा. सामान हलवायचंय, म्हणाला. मी गेलो. तिथं पोचल्यावर कळलं कसलं सामान. दोघं पळून गेले. मी नाही पळालो. का ते मला विचारू नकोस, मी स्वतःला विचारून थकलोय."

"पुढे बोला."

"तुझी आई उठेना. खुर्चीवर बसली ती बसली. ती तुझी वेताची, तीच. सैनिक म्हणाला, खुर्चीसकट उचल. मी उचलली." त्यानं कवेत काही धरल्यासारखे हात केले आणि लगेच सोडले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चावली असती तर बरं झालं असतं. ती मोजायला लागली. माझ्या कानाशी. दारातून निघालो तेव्हा एक. मला वाटलं, जप करतेय. ट्रक नळापाशी लावला होता. बावीस म्हणाली आणि मी तिला वर ठेवलं."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. मांस करपत असल्याचा वास आला. एल्बियाचं शरीर उभंच राहिलं, निर्लज्जासारखं.

बावीस पावलं आईची नव्हतीच. आई त्या दिवशी पालोमारमधून चालत बाहेर आली नव्हती. एकोणीस वर्षं एल्बियानं जे घोकलं, झोपताना म्हटलं, लेकीच्या पाठीवर थोपटलं, ती या माणसाची पावलं होती.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," तो म्हणाला. "तू नळापासून चालायला लागलीस आणि बावीस म्हणालीस तेव्हा. दुसऱ्या दिवशी मी नाव काढून घ्यायला आलो होतो. तू फावडं हातात दिलंस."

"चार वर्षं! चार वर्षं माझ्याशेजारी विटा लावल्यात तुम्ही!"

"हो."

"माझ्या मुलीच्या वाढदिवसाला जेवलात!"

"हो."

"आणि मी चुकीच्या जागी... बोलायचं होतंत की!"

"कसं बोलणार? माप चुकलंय म्हणायचं, तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. तू मोकळी चाललीस. मी ओझं घेऊन चाललो होतो. ओझ्याचं पाऊल आखूड पडतं, एल्बिया. हे मला रोज दिसत होतं. भिंत चुकीच्या जागी वर येत होती आणि मीच तिला ओळंब्यात लावत होतो."

ती म्हणाली, "खोटं आहे हे."

तो फरशीकडेच बघत राहिला.

"खोटं आहे. दाखवा."

त्यानं मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं असावं, की ती खरंच बघायला मागतेय.

ती स्वतः सभागृहात गेली आणि खुर्ची घेऊन आली. एलादियोनं गुदामातून सिमेंटची एक न फोडलेली गोणी आणली. खुर्ची नळापाशी ठेवली. गोणी खुर्चीवर उभी बसवली, ती कलंडू नये म्हणून जरा मागे रेलवली.

"गोणी का?" एल्बियानं विचारलं.

"तेवढीच होती ती," एलादियो म्हणाला. "पन्नास किलोसुद्धा नसेल. चार वर्षं रोज गोण्या उचलतोय मी."

तो खाली वाकला, खुर्ची आणि गोणी एकदम कवेत घेतली आणि सरळ झाला. मानेच्या शिरा फुगल्या. गोणीच्या वरच्या टोकाला त्याचा गाल टेकला होता. फेलिपाचं तोंड जिथं असेल तिथं. पिंपाभोवतीची माणसं बघायला लागली.

"ए मिस्त्री!" वॉशिंग्टन ओरडला. "वय काय तुमचं! काम संपलं आता, घरं झाली!"

"मोज," एलादियो एल्बियाला म्हणाला.

तिच्या तोंडून आकडा फुटेना. शेवटी तोच मोजायला लागला. एक. दोन. तीन. पावलं खरंच आखूड होती, पाय घासत जाणारी, टाच जेमतेम पुढच्या बोटांच्या पलीकडे पडणारी. एल्बिया शेजारून चालत होती आणि तिला दर पावलाला थांबावं लागत होतं. नऊ. दहा. तो धापा टाकत होता. चौदाला तो सभागृहाच्या मोकळ्या चौकटीतून आत शिरला. रिकाम्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत गेला. वीस. एकवीस.

बावीसला त्यानं खुर्ची खाली ठेवली. सभागृहाच्या जवळजवळ मधोमध. सकाळी एल्बिया बसली होती तिथून ती जागा हातभर अंतरावर होती.

"हे दार," तो म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. "खोली याच्यापुढं. उजवीकडे पलंग. डावीकडे, दाराला लागूनच, चूल. चुलीवर रस्सा होता. सैनिक म्हणाला, ओतून टाक. मी भांड्यासकट ट्रकमध्ये ठेवला. हात भाजला."

एल्बियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तो रस्सा तिला आठवत होता. शेडमधल्या पहिल्या रात्री त्यांनी तो खाल्ला होता, गार, भोपळ्याचा, वर चरबी साकळलेला. तो आईनं येताना उचलला असणार, अशीच तिची इतकी वर्षं समजूत होती. आईनं काहीही उचललं नव्हतं. तिला स्वतःलाच उचलून आणलं होतं.

"ग्रिसेलचा बाप," ती म्हणाली. "त्याचा ढोल?"

"तो माझ्या हातून नाही पडला. पण मी तिथं होतो."

"ग्रिसेलला कळलं तर ती तुम्हाला इथं एक दिवस राहू देणार नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हटलं, घर घे. कारण मी सांगतो सभेला. सगळं सांगतो. मग ते ठरवतील माझं काय करायचं ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या दाढीच्या खुंटांत सिमेंटची भुकटी अडकली होती. याच माणसानं तिला शिकवलं होतं की माल भिंतीला मारायचा नसतो. याच हातांनी. तिला त्या हातांचा राग यावा म्हणून ती थांबून राहिली, पण राग कुठे अडकला होता कोण जाणे, आत नुसती बधिरता होती. दात काढल्यावर गालाला हात लावावा आणि तो दुसऱ्याचा वाटावा तशी.

घंटा वाजली. जेवलेली माणसं हात पुसत, आपापल्या खुर्चीकडे येत आत शिरली. ग्रिसेल टेबलापाशी उभी राहिली, दोन्ही हेल्मेटं उपडी घालून तिनं बाजूला सारली.

"साथींनो, बसा. ही शेवटची बाब. कुणाला घर बदलून हवंय का? असेल तर आत्ता उभं राहा. नंतर माझ्या दारात येऊन रडायचं नाही."

सगळ्यांच्या माना एल्बियाकडे वळल्या. चार वर्षं तिनं सातचं पुराण लावलेलं सगळ्यांना माहीत होतं. वॉशिंग्टननं तर हात अर्धा वर करूनच ठेवला होता.

एलादियो उठायला लागला. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

एल्बिया त्याच्या आधी पुढे झाली.

"मला बदल नको," ती म्हणाली.

"नको?" ग्रिसेलनं चष्मा काढला. "एल्बिया, बरी आहेस ना तू? अगं, मिस्त्री देतील. नाही का हो मिस्त्री? विचारलंस तरी का त्यांना?"

"विचारलं. ते देत होते. मला बारा नंबर चालेल."

"आणि तुझी बावीस पावलं?"

"माप चुकलं माझं. मी रिकाम्या हातांनी मोजलं होतं."

कुणालाच काही समजलं नाही. वॉशिंग्टननं हात खाली घेतला. एलादियो आता पूर्ण उभा होता.

"साथींनो," तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. ग्रिसेल, तुला विशेष. पालोमार जेव्हा—"

"बसा मिस्त्री."

एल्बिया फार जोरात बोलली नव्हती, पण तो थांबला.

"एल्बिया, मला बोलू दे."

"बोलायचंच आहे तुम्हाला. पुढच्या रविवारी बोला, सगळ्यांपुढे. नाही बोललात तर मी बोलेन. ग्रिसेलनं तुमचं काय करायचं ते ग्रिसेल ठरवेल, मी मधे पडणार नाही. पण आज नाही. इथं आज भांडण नको. ही माझ्या आईची खोली आहे."

सभागृहात गलका झाला. इथं म्हणजे कुठं? सभागृहात? कुणी सांगितलं? ग्रिसेल टेबलावर बोटं वाजवत होती, एकदा एल्बियाकडे, एकदा एलादियोकडे बघत होती. मग तिची नजर मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर गेली, तिच्यावरच्या सिमेंटच्या गोणीवर गेली, आणि तिथं खिळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तीही त्या शेडमधलीच पोर होती.

"बदल नाही," ती शेवटी म्हणाली. "तशी नोंद झाली. आता चाव्या."

नावं वाचली जाऊ लागली. एल्बिया खुर्चीपाशी गेली. तिनं गोणी पोटाशी धरली आणि उचलून खाली ठेवली. ती इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. चार वर्षं तीही गोण्या उचलत होती, पण ही जड होती. एलादियो पुढे आला, मदत करायला हात केला, आणि तिनं मान हलवल्यावर मागे झाला. तो आपल्या जागी जाऊन बसला, हात मांड्यांवर उताणे ठेवून.

खुर्चीच्या वेतात सिमेंटची राखाडी भुकटी बसली होती. एल्बियानं ती झग्याच्या टोकानं पुसली. मग बसली.

"घर नंबर बारा," ग्रिसेल म्हणाली. "एल्बिया सिल्वेरा."

चावी हातोहात तिच्यापर्यंत आली. तिनं ती मुठीत धरली. धातू अनेक हातांतून आल्यामुळे गरम झाला होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी साथ दिली.

थोड्या वेळानं ती पुन्हा उठली आणि खुर्ची उचलून उजवीकडे घेतली, हातभर. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं गं? ऊन लागतंय का?"

"नाही," एल्बिया म्हणाली. "तिथं चूल आहे."